साक्षीदार समक्ष पाहिले

सोमवार, ४

वही लिहायची सवय मला नाही. पण आज साहेबांनी जे काम गळ्यात घातलं ते पाहता कोण कधी काय बोललं हे घरी टिपून ठेवलेलं बरं. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत एक गोष्ट शिकले. काम बिघडलं की कचेरीतल्या सगळ्यांची स्मरणशक्ती एकदम जाते, आणि परत येते तेव्हा तिच्यात फक्त आपलं नाव असतं.

काम असं. पलीकडच्या देशात मौनी नावाचा एक लहान पंथ आहे. हे लोक एकमेकांच्या घरी जमतात, खुर्च्या गोल मांडतात आणि तासभर गप्प बसतात. एवढीच त्यांची प्रार्थना. तिथल्या सरकारने सहा वर्षांपूर्वी त्यावर बंदी घातली. बोलणाऱ्यावर नजर ठेवता येते, गप्प बसलेल्याचं काय करणार? गप्प बसल्याबद्दल तुरुंगात जाणारे लोक मी पहिल्यांदाच पाहते आहे. आमच्या परराष्ट्र खात्यात गप्प बसल्याबद्दल बढती मिळते.

पुढच्या महिन्यात आपले मंत्री विजेच्या करारासाठी तिकडे जाणार. संसदेने कायदा केला आहे, की धर्मावरून छळ करणाऱ्या देशाशी करार करायचा तर आधी तिथल्या कैद्यांची यादी त्यांच्या हातात द्यायची आणि उत्तर मागायचं. ती यादी मी करायची. प्रत्येक नावाला दोन पुरावे लागतात. एक कागद, आणि अटक होताना डोळ्यांनी पाहिलेला एक साक्षीदार.

मदतीला एक दुभाषीण दिली आहे. स्वतः मौनी. चार वर्षांपूर्वी तिकडून निसटून आली. पस्तिशीची असेल. आवाज इतका हळू की मला दर वाक्याला पुढे वाकावं लागतं. तिने चौतीस नावं आयती आणून टेबलावर ठेवली. आयतं काहीही आलं की माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकते.

घरी मास्तरांना सांगितलं. (मास्तर म्हणजे आमचे हे. शाळेतून निवृत्त झाले, पण घरातली शाळा अजून सुटलेली नाही.) म्हणाले, "चांगलं काम आलंय. कुणाचं तरी भलं होईल."

म्हटलं, भलं नंतर. एक नाव खोटं निघालं तर पलीकडचे लोक बाकीची तेहतीस आपल्या तोंडावर फेकतील.

बुधवार, ६

चौतीस कैदी आणि साक्षीदार मात्र सहाच. त्यांनाही नावं नाहीत. साक्षीदार एक, साक्षीदार दोन, असे आकडे. सहाही जबान्या वाचल्या. सगळ्यांचं म्हणणं जवळजवळ एकच. पहाटे दार वाजलं, चौघे आले, खुर्च्या मोजल्या, घेऊन गेले.

सहा वेगवेगळ्या शहरांतली सहा माणसं एकाच सुरात बोलतात? कुठेतरी पाणी मुरतंय.

दुभाषिणीला विचारलं. म्हणाली, "मॅडम, ते सगळीकडे तसंच येतात. पहाटे, चौघे. आणि खुर्च्या मोजतातच. घरात माणसांपेक्षा खुर्च्या जास्त निघाल्या तर तोच पुरावा धरतात."

उत्तर चोख होतं. इतकं चोख उत्तर तयारी केल्याशिवाय येत नाही.

शुक्रवार, ८

रोज सव्वा वाजता दुभाषीण डबा न उघडता बाहेर पडते आणि दोनच्या ठोक्याला परत येते. आज मी मागोमाग गेले. माझ्या वयाला आणि हुद्द्याला हे शोभत नाही, कबूल. पण शोभेसाठी मला पगार देत नाहीत.

ती मागच्या गल्लीतल्या एका शिंप्याच्या दुकानात शिरली. मी समोरच्या चपलांच्या दुकानात उभी राहून पाच जोड घालून पाहिले. शिंपी पन्नाशीचा, बारीक, गळ्यात टेप. त्याने मशीन थांबवलं, शटर अर्धं ओढलं. आत चार खुर्च्या. दुभाषीण, शिंपी आणि दोघं वयस्कर नवराबायको बसले आणि चाळीस मिनिटं एक शब्द नाही. कट शिजवणारे निदान कुजबुजतात.

प्रार्थना असणार, एवढं मला कळतं. पण उठताना शिंप्याने कापडाच्या तागाखालून एक जाड पाकीट काढून तिला दिलं, आणि तिने ते पर्समध्ये न ठेवता ब्लाउजच्या आत सरकवलं. ते कुठल्या प्रार्थनेत बसतं?

चपला न घेता निघाले म्हणून दुकानदाराने तोंड वाकडं केलं. त्याचंही बरोबर आहे.

मंगळवार, १२

आज सोक्षमोक्ष लावला. दुभाषिणीला सरळ म्हटलं, साक्षीदारांची पूर्ण नावं आणि पत्ते हवेत, नाहीतर यादी पुढे जाणार नाही.

"त्यांना मी शब्द दिलाय, मॅडम. नाव कुठेही येणार नाही असा."

"आणि माझ्यावर सही करायची वेळ आली की मी कोणाच्या शब्दावर करू?"

"माझ्या," ती म्हणाली.

तिच्या शब्दावर सही करण्याएवढी मी तिला ओळखत नाही. त्या पाकिटाबद्दलही विचारलं. तिला वाटलं नव्हतं मला ठाऊक असेल. म्हणाली, "त्यातच जबान्या येतात. शिंपीकाकांचा एक माणूस सरहद्दीवरून आणतो. काका नसते तर हे काहीच झालं नसतं."

संध्याकाळी साहेबांच्या कानावर घातलं. आपले साहेब शांत माणूस. माझं सगळं ऐकून घेतलं, चहा मागवला. म्हणाले, "तुमचा संशय रास्त आहे. साक्षीदार खरे आहेत की नाहीत हे दौऱ्याआधी कळलंच पाहिजे. आपल्या वकिलातीकडून खातरजमा करून घ्या. तुमच्याइतकं नेटकं काम या मजल्यावर कोणी करत नाही." मग खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "या दौऱ्यातून पाच-सहा माणसं जरी सुटली तरी आपण जिंकलो."

या इमारतीत पाठीवर हात ठेवणारी माणसं थोडी, आणि त्यातली बहुतेक सुरीला जागा शोधत असतात. साहेब त्यातले नाहीत. वरिष्ठाने काम ओळखावं असं कोणाला वाटत नाही?

गुरुवार, १४

दुभाषिणीने दुपारी बंद पाकीट आणून दिलं. दोन दिवसांत डोळ्यांखाली काळं आलं आहे. पाकीट टेबलावर ठेवलं तरी त्यावरचा हात उचलेना.

"हे तुमच्या कपाटातच राहील ना, मॅडम?"

"सरकारी कागद सरकारी जागीच राहतो," मी म्हटलं.

"यातली एक बाई म्हातारी आहे. सहावी. तिचं नाव नाही दिलं तर चालेल का? तिने फक्त दोनच अटका पाहिल्यात."

म्हटलं, एक गाळलं की सगळी यादी लंगडी होते. "आणि तीच का? तुमच्या नात्यातली आहे का?"

"आमच्यात सगळेच कोणी ना कोणी लागतात," ती म्हणाली.

ही पळवाट झाली, उत्तर नाही. माझी खात्रीच पटली की सहावं नाव बनावट आहे. जे लपवायची धडपड, तिथेच गोम. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. शेवटी तिने हात उचलला आणि मला चक्क धन्यवाद दिले. कशाबद्दल ते कळलं नाही.

शुक्रवार, १५

आज एक काम मनासारखं झालं.

माणूस दिलेल्या पत्त्यावर आहे की नाही हे तपासायचं कसं, यावर कनिष्ठ मंडळींनी अर्धा दिवस डोकं खाजवलं. मी नऊ वर्षं पेन्शन विभागात काढली आहेत. परदेशात राहणारा आपला पेन्शनर जिवंत आहे का, हे दरवर्षी तपासायचा आमच्याकडे छापील नमुना आहे. हयातीचा नमुना. वर नाव, पत्ता. खाली त्या माणसाची सही, आणि त्याखाली 'समक्ष पाहिले' म्हणून तिथल्या ठाण्याचा शिक्का. वकिलातीतला कारकून नमुने घेऊन ठाण्यात जातो, ठाणं माणसाला बोलावतं, शिक्का मारतं. वीस वर्षं बिनबोभाट चाललेली पद्धत. खोटा माणूस त्यातून निसटूच शकत नाही.

सहा नमुने भरले. कारणाच्या रकान्यात काही लिहायला मी काही दुधखुळी नाही. 'शासकीय काम' एवढंच. साक्षीदार हा शब्द कुठे नाही, मौनी हा शब्द कुठे नाही. वकिलातीची थैली सीलबंद जाते, तिला वाटेत कोणी हात लावत नाही. साहेबांनी मसुदा पाहिला. म्हणाले, "वा! हे मला सुचलं नसतं." आणि सही न करता माझ्याकडे परत दिला. "तुमच्या सहीनं जाऊ दे, नेहमीचंच तर काम आहे."

घरी येताना मास्तरांसाठी मऊ तळव्याच्या चपला घेतल्या, त्याच दुकानातून. दुकानदाराचा राग गेला.

मंगळवार, २६

नमुने परत आले! सहाच्या सहा. सहाही सह्या, सहाही शिक्के, 'समक्ष पाहिले'. तारीख एकवीस, गुरुवार. पेन्शनवाल्यांचे नमुने यायला तीन महिने लागतात, हे अकरा दिवसांत आले. ही तत्परता पाहून धक्काच बसला.

म्हणजे साक्षीदार खरे आहेत. ती सहावी म्हातारीसुद्धा. एकाहत्तर वर्षांची, सही मात्र ठाशीव. मला मनापासून बरं वाटलं, आणि थोडी लाजही. उगाच त्या बिचाऱ्या दुभाषिणीला इतके दिवस पाण्यात पाहिलं. यादीवर सही केली आणि पुढे पाठवली. उद्या दुभाषिणीला बोलावून सांगणार आहे की माझी तुमच्याबद्दल काही तक्रार उरली नाही.

बुधवार, २७

दुभाषीण आली नाही. निरोप नाही, फोन बंद. चार वर्षांत तिची एक रजा नाही म्हणतात. काम झालं तशी पळाली की काय?

शुक्रवार, २९

तिचा अजून पत्ता नाही.

जेवताना मास्तरांना नमुन्यांची हकिगत सांगितली, राजधानीच्या ठाण्याच्या सहा शिक्क्यांसकट. कौतुक होईल असं वाटलं होतं. त्यांनी ताटातला हात थांबवला.

"सहा जण सहा वेगळ्या शहरांतले ना?"

"हो."

"मग सहाही नमुन्यांवर ठाणं एकच कसं?"

मी ते पाहिलं नव्हतं. म्हणजे पाहिलं होतं, पण लक्षात घेतलं नव्हतं. म्हटलं, वकिलातीच्या सोयीसाठी एका ठिकाणी बोलावलं असेल. मास्तर म्हणाले, "असेल. तू म्हणतेस तर असेल." आणि उठून हात धुतले. चाळीस वर्षांत ते मला अशी सवलत देऊन कधी उठले नाहीत. त्यांना काय म्हणायचं होतं ते त्यांनी सरळ म्हणायला हवं होतं. माझा सगळा शनिवार-रविवार आता नासणार.

सोमवार, २

आज कळलं, तारखेसकट. लिहिते.

दुभाषीण आली. माझ्या खोलीत येऊन उभी राहिली, बसा म्हटलं तरी बसेना. "सहाही जणांना नेलं," ती म्हणाली. "बुधवारी, वीस तारखेला पहाटे. सहा शहरांतून एकाच वेळी. गुरुवारी राजधानीच्या ठाण्यात होते, त्यानंतर कोणाला काही माहीत नाही." मग म्हणाली, "सहावी माझी आई आहे, मॅडम. तुम्ही विचारलंत तेव्हा मी सांगितलं नाही. तुम्हाला वाटलं असतं, मी घरच्या माणसाची वर्णी लावतेय."

एकवीसचा शिक्का. समक्ष पाहिले. त्यांना पाहिलंच होतं. पहाटे, चौघांनी, खुर्च्या मोजून.

काहीतरी बोलायला हवं होतं. कपाट माझ्या पाठीशी होतं, त्यात ते सहा नमुने होते, आणि मी म्हणाले, "चहा घेता का?"

ती नको म्हणाली.

दुपारी साहेबांकडे गेले. दार लावलं, सगळं सांगितलं. मला वाटलं, हा माणूस हादरेल. त्यांनी चष्मा पुसला. "वाईट झालं," म्हणाले. "पण वकिलातीने पद्धतीप्रमाणे केलं, तुम्ही पद्धतीप्रमाणे केलंत. घाबरू नका. आता ती सहाही नावं यादीत घाला."

"कैदी म्हणून?"

"आता कैदीच आहेत ना ते?"

मी घातली. दुसरं काय करणार होते? जिन्यात उभं राहून मला रडू आलं, आणि वर येणाऱ्या कारकुनाला वाटलं माझा पाय मुरगळला.

बुधवार, ४

झोप लागत नाही, जेवण जात नाही. जगभराच्या माणसांवर संशय घेतला. शिंप्याचं पाकीट, म्हातारीचं नाव, जबानीतल्या खुर्च्या. फक्त माझ्या आवडत्या छापील कागदाकडे वाकड्या नजरेने पाहिलं नाही. थैली सीलबंद होती, पण तिच्यातली नावं-पत्ते आपल्याच कारकुनाने नेऊन ठाण्याच्या टेबलावर ठेवले. आणि ज्याने पाठ थोपटली त्याच्याकडेही नाही.

पाच-सहा माणसं सुटली तरी आपण जिंकलो. साहेब बारा तारखेला बोलले होते. तेव्हा यादीत चौतीस होते. सहा हा आकडा त्यांना कुठून सुचला?

कदाचित सहज. माणसं सहजही पाच-सहा म्हणतात. मीही म्हणते. आता मला कशावरच विश्वास ठेवता येत नाही, स्वतःच्या संशयावरसुद्धा नाही.

मास्तरांना सांगितलं. रागावले असते तर बरं झालं असतं. नुसते शेजारी बसून राहिले.

बुधवार, ११

मंत्री आज परतले. करार झाला. आणि विमानातून सोबत पाच मौनी आणले. विमानतळावर फुलं, कॅमेरे, मंत्र्यांचं भाषण, धर्मस्वातंत्र्यासाठी आपल्या देशाने आवाज उठवला वगैरे. मला पहिल्या रांगेत उभं केलं होतं.

चौतिसांतला एकही नाही. पाचही जण माझ्या नमुन्यांतले. वीस दिवस आत ठेवून सोडलेले. साहेब माझ्या कानाशी हळूच म्हणाले, "जुना कैदी सोडला की चूक कबूल केल्यासारखं होतं. ताजे सोडायला सोपे असतात." आणि टाळ्या वाजवायला लागले.

दुभाषीण पत्रकारांसाठी भाषांतर करत होती. पाचजण उतरले. ती सहावीची वाट बघत जिन्याकडे पाहत राहिली, तोंडाने भाषांतर चालूच. विमानाचं दार लावून घेतलं तेव्हा तिचा एक शब्द चुकला. तेवढंच. नंतर कळलं की पलीकडच्या सरकारने लेखी दिलं आहे, या नावाची कोणीही स्त्री आमच्या ताब्यात नाही आणि कधी नव्हती.

गर्दी पांगल्यावर मी तिच्याजवळ गेले. शिंपीकाका कुठे दिसत नाहीत, असं विचारलं. काहीतरी बोलायचं म्हणून.

"त्यांच्याशी आम्ही बोलत नाही आता," ती म्हणाली. "सहा नावं आणि पत्ते दोघांनाच माहीत होते, मला आणि त्यांना. कुंपणानेच शेत खाल्लं, मॅडम. माझ्या वडिलांच्या जागी होते ते. आमच्यात संशय घेणं पाप मानतात, पण दुसरं कोण असणार?"

"मलाही माहीत होते," मी म्हटलं.

तिने माझा हात हातात घेतला. "तुमच्याकडे तर बंद पाकीट होतं. तुमच्यावर संशय घेतला तर मी माणूस कसली?"

मी हात सोडवून घेतला नाही. सांगितलंही नाही. एवढं भेकड मी स्वतःला समजत नव्हते.

गुरुवार, १२

साहेबांनी बोलावून अभिनंदन केलं. माझं नाव वरच्या जागेसाठी गेलं आहे म्हणे. निघताना म्हणाले, "तो सहावा नमुना फाइलीत नको. ते म्हणतात अशी बाई नाहीच. आपल्याकडे त्यांच्याच ठाण्याचा शिक्का निघाला तर उगाच कराराला खोट लागेल. आणि नमुना पाठवला कोणाच्या सहीने, असाही प्रश्न येईल. तुमच्याच भल्यासाठी सांगतोय."

फाइल काढून वाचली. मागच्या महिन्यातल्या बारा तारखेच्या बोलण्याचं त्यात अक्षर नाही. त्यांचा एकच शेरा आहे, 'खातरजमेची पद्धत संबंधित अधिकारी ठरवतील.' संबंधित अधिकारी मी. त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही.

दुपारी सव्वा वाजता त्या गल्लीत गेले. शटर अर्धं खाली. वाकून पाहिलं तर चार खुर्च्या गोल मांडलेल्या आणि एकीवर शिंपी, हात मांडीवर, डोळे मिटलेले. बाकी तीन रिकाम्या. मला पाहून उठला, म्हणाला, "कापड आणलंय का?"

म्हटलं, नाही. तुम्ही एकटेच बसता?

"सध्या एकटाच," तो म्हणाला. "चालतं एकट्यानंही. खुर्च्या मात्र मांडतो. कोणी आलंच तर उभं राहायला नको."

त्याने माझी तक्रार केली नाही, कोणाचीच केली नाही. त्या तीन खुर्च्या मी रिकाम्या केल्या आहेत आणि हा माणूस मला कापड आणलंय का विचारतो!

शुक्रवार, १३

सकाळी कचेरीत गेल्याबरोबर सहावा नमुना फाइलीत लावला, पानावर नंबर टाकला आणि शेजारी टिपण लिहिलं. ही बाई एकवीस तारखेला राजधानीच्या ठाण्यात जिवंत होती, हा त्यांचा शिक्का. नमुना मी पाठवला, माझ्या सहीने, नीट विचार न करता. साक्षीदारांची नावं पलीकडच्या सरकारला माझ्यामुळे कळली. मागच्या महिन्यात बारा तारखेला साहेबांशी झालेलं बोलणंही आठवतं तसं लिहिलं. एक प्रत संसदेच्या समितीकडे, पोच घेऊन. वरची जागा गेली, आहे तीही बहुतेक जाईल. मास्तरांना फोन केला. म्हणाले, "घरी ये, भात टाकतो." म्हटलं, अजून एक काम राहिलंय.

सव्वा वाजता दुभाषिणीला म्हटलं, माझ्याबरोबर चला. गल्लीच्या तोंडाशी तिच्या लक्षात आलं आणि ती थांबली. "मी तिथे पाय ठेवणार नाही." मी तिचा दंड धरला आणि जवळजवळ ओढतच नेलं. शटरखालून वाकून आत गेलो. शिंपी उठून उभा राहिला. तिने मान भिंतीकडे वळवली.

मी दोघांसमोर नमुन्याची प्रत धरली आणि सांगितलं. पेन्शन विभागापासून शिक्क्यापर्यंत, सगळं. पाकीट कपाटात राहिलं, नावं मात्र मी बाहेर पाठवली. काकांचा यात काडीचाही संबंध नाही. मला वाटत होतं की तुम्ही खोटं बोलताय.

कोणी काही बोललं नाही. त्या लोकांना गप्प बसायची सवय असते. मला नाही. तो वेळ मला काढवेना, तरी उभी राहिले.

मग शिंपी परत खुर्चीवर बसला. दुभाषीण त्याच्या समोर गेली आणि खाली बसून तिने त्याच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. त्याने तिच्या केसांवर हात ठेवला, टेप गळ्यात तशीच. मला वाटलं आता मी निघावं. वळले, तर तिने मागून कागद मागितला.

खुर्चीवर बसून तिने तो खूप वेळ पाहिला. शिक्क्याकडे नाही, तारखेकडे नाही. फक्त सहीकडे.

"आईचीच आहे," ती म्हणाली. "हात थरथरला नाही तिचा."

माझ्याकडे पाहिलं नाही. राग होता की नव्हता, मला सांगता येणार नाही. असणारच.

"हा नमुना पेन्शनरांना किती वेळा पाठवतात?"

"वर्षातून एकदा."

"हिच्यासाठी परत पाठवता येईल?"

तो कागद पुन्हा पाठवायचा? मी म्हटलं, "आता परत त्यांच्याच हातात..."

"पाठवा, मॅडम," ती म्हणाली. "पत्ता तर त्यांना ठाऊकच आहे. निदान सही येईल."

मी कचेरीत परत आले आणि खुर्चीवरून मला कोणी उठवायच्या आत नमुना भरायला घेतला.